बेटाचा कारभार आणि माझा एक संवाद

माझी वकिली म्हणजे शेजाऱ्यांच्या भिंती. कुणाची भिंत कुणाच्या हद्दीत शिरली यावर मी तासन्‌तास बोलू शकतो. बायकोच्या मते, कुणी विचारलं नाही तरी बोलतो. राज्यघटना कपाटात सगळ्यात वर होती आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे.

ती खाली निघाली माझ्या आतेभावामुळे. तो सिनेमावाल्यांना खुर्च्या, पडदे, झगे पुरवतो. एका चित्रपटात एका बेटाचा खटला होता. बेटाला स्वतःचं सरकार नाही, राजधानीतून नेमलेला प्रशासक सगळं ठरवतो, अशी गोष्ट. त्यांना कायद्याचा सल्लागार हवा होता आणि आतेभावाच्या ओळखीत फुकट येणारा वकील मीच.

मी झपाटून अभ्यास केला. दिग्दर्शकाने विचारलं, "शेवटी न्यायालय काय म्हणेल?"

"असा प्रदेश कसा चालवायचा ते संसद ठरवते. तिने कुठे थांबायचं, तेवढंच न्यायालय सांगतं."

"यावर लोक टाळ्या वाजवतील?"

"नाही. घरी जातील."

माझा सल्ला तिथेच बारगळला. पण न्यायाधीश होणाऱ्या नटाची कंबर धरली आणि त्याचा झगा नेमका मला बसला. "हे बेट कुणाची जहागीर नाही!" असं गरजून मी हातोडा आपटला. आमच्या कोर्टात हातोडा नसतो, हे मी सांगून पाहिलं होतं. हातोड्याचं डोकं उडून ध्वनिमुद्रकाच्या पायावर पडलं. त्याची किंकाळी मात्र खरी वाटली, म्हणून तशीच ठेवली.

सिनेमा लागला आणि एका खऱ्या बेटावरून दोघं माझ्याकडे आले. एक शाळेच्या बाई, एक होडीवाले काका. प्रशासकाने त्यांचा एकमेव धक्का सरकारी बोटींसाठी राखून ठेवला होता. आजाऱ्यालासुद्धा होडीतून उतरवायला चिखल तुडवावा लागे.

"अहो, तो संवाद दुसऱ्याने लिहिलेला," मी म्हणालो.

"ते कळतं आम्हाला," बाई म्हणाल्या. "पण त्यासाठी तुम्ही तो कायदा वाचला असेल ना? बाकीचे वकील वाचायलाच तयार नाहीत."

वाचला तर होता. वकीलपत्र घेतलं.

सुनावणीला मी हात उंचावून, आवाज चढवून सुरुवात केली. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वकीलसाहेब, कॅमेरा कुठल्या बाजूला आहे?"

सगळं कोर्ट हसलं. माझा हात वरच राहिला. मग त्यानेच मी घाम पुसला.

"बेटाचा कारभार आता आम्ही करायचा का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी साध्या आवाजात म्हणालो. "बेटावर निवडून आलेली पंचायत आहे. धक्क्याबद्दल तिला विचारल्याशिवाय निर्णय घेता येत नाही, असं कायदाच म्हणतो. तिला विचारलं नाही. माझं म्हणणं एवढंच."

प्रशासकाचा हुकूम रद्द झाला. बेटाला स्वतःचं सरकार द्यायचं की नाही, हा प्रश्न संसदेचा, असं सांगून न्यायालयाने तो सोडून दिला. शाळेच्या बाईंचा चेहरा थोडा उतरला. होडीवाले काका म्हणाले, "आधी माणसं कोरडी उतरू देत."

धक्का उघडला त्या दिवशी त्यांनी मला आग्रहाने नेलं. भाषण तयार होतं, पण समुद्राने पोटातलं सगळं काढून घेतलं आणि भाषणही त्याबरोबर गेलं. मला धक्क्यावर आडवं केलं. शेजारीच पंचायत भांडत होती, आधी होड्या लावायच्या की मासळी उतरवायची. कुणीतरी म्हणालं, "वकीलसाहेबांना विचारा."

मी डोळे मिटूनच म्हणालो, "तुमचं तुम्ही ठरवा."

"असं म्हणता?" म्हणून त्यांनी आणखी जोरात भांडायला घेतलं.