ओल्या गाठींचा कासरा

अंबादासकाका गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या हातात ओला कासरा होता. विहिरीवरची माझी पाळी संपली होती, त्यांची सुरू व्हायची होती, आणि मी बांधावर त्यांचीच वाट पाहत होतो. त्यांचा मुलगा दत्ता पळत आला. "मास्तर, आण्णा गेले..." एवढंच म्हणाला. मी कासरा तसाच धरून त्याच्यामागे गेलो. महिना उलटला, पण जीव थाऱ्यावर नाही. दुःख आहेच, त्याहून जास्त धास्ती आहे.

उमापूरकडच्या आमच्या शिवारात त्यांची आणि माझी मिळून एकच विहीर, पाळी एक दिवसाआड. जुन्या कासऱ्याला हाताहातावर गाठी मारून टोकाला दगड बांधलेला. मोटर बंद केली की तो तळापर्यंत सोडायचा, भिजलेल्या गाठी मोजायच्या आणि ओला कासरा शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. ही रीत काकांनी घातलेली. निम्मी हयात मेंढरांमागे हिंडलेला माणूस, कुठल्या गावानं कुणाचा ओढा अडवला ते त्यांना तोंडपाठ. मी शाळेत गणित शिकवतो, तरी माझ्या गाठी ते पुन्हा मोजत आणि वर म्हणत, "तुमचं गणित पक्कं हाय मास्तर, पर पाण्याचं न्यारं असतंय."

मेंढरं विकल्यावर त्यांना पेपराचा नाद लागला. स्वतः वाचता येत नसे, म्हणून बांधावर मला वाचायला लावत. ब्रह्मपुत्रेवर चीन वरच्या अंगाला भलंमोठं धरण बांधतोय, हे ऐकल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "मंग खालच्याला सांगितलं का?" धड सांगत नाहीत म्हटल्यावर दिवसभर त्यांचं चित्त लागेना. पुढे आपण सिंधूच्या पाण्याची खबर पाकिस्तानला देणं थांबवलं, तेव्हा मी खुशीत होतो. चांगली जिरवली म्हणालो. काका तंबाखू मळत राहिले. "जिरवली खरं... पर आपुन बी कुणाच्या तरी खालीच हाय की." म्हाताऱ्याला राजकारण कळत नाही, असं मला तेव्हा वाटलं. आता लाज वाटते.

कारण तोवर मी स्वतःच वरच्या अंगाचा झालो होतो. ते लेकीकडे घाटनांदूरला गेलेले असताना मी विहिरीच्या वर, माझ्या मोसंबीत, बोअर घेतलं. त्यांना विचारलं नाही. ते परतले तेव्हा सात गाठींच्या चार झाल्या होत्या. मी भांडणाच्या तयारीतच होतो. त्यांनी कासरा पिळला आणि एवढंच विचारलं, "किती खोल नेलंय?" मी म्हणालो, दोनशे फूट. "सांगितलं असतं तर मी न्हाई म्हणलो नसतो, मास्तर." बोअर साडेचारशे फूट होतं. ते शेवटपर्यंत दोनशेच धरून चालले, आणि मी ते चालू दिलं.

तेराव्यानंतर कळलं की दत्तानं बोअरची गाडी ठरवलीय, माझ्या बांधाला लागून, सहाशे फूट. तेही मला दुसऱ्याकडून कळलं. माझं डोकं फिरलं. मीही आठशेपर्यंत जायचं म्हणून फोन उचलला... आणि समोर खिळ्याला कासरा दिसला. तोच घेऊन विहिरीवर गेलो. दोन गाठी भिजल्या. ओला कासरा घेऊन दत्ताच्या ओसरीवर उभा राहिलो.

"गाठी दोन हायत," मी म्हणालो.

दत्तानं कासऱ्याला हात लावला नाही. "आधी तुमचं बोअर किती खोल हाय, ते सांगा. आण्णाला तुमी दोनशे सांगितलं व्हतं म्हणं. गाडीवाला तर भलतंच म्हणतोय."

"साडेचारशे," मी म्हणालो. पायावर पाणी ठिबकत होतं.

 त्यानं कासरा घेतला, काकांच्या खुंटीला अडकवला. "आण्णाला सांगायला पायजे होतं," म्हणाला आणि आत गेला.

गाडी परवा येणार आहे. काल संध्याकाळी दत्ताची पाळी संपली. आज सकाळपासून मी दोनदा बांधावर जाऊन आलो. त्याच्या ओसरीवर खुंटीचा कासरा दिसतो, कोरडा ठक्क. तो अजून माझ्या हातात आलेला नाही.