संध्याकाळचा हात

कसबा बावड्यात, कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, उसाला लागून जोतीरामआण्णांचा गोठा आहे. सहा म्हशी आणि एक गिटार एवढाच त्यांचा पसारा. म्हशी दावणीला आणि गिटार भिंतीवरच्या खुंटीला. नवीन माणूस ते बघून आधी हसतो. मग एखाद्या गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला येऊन बसतो आणि हसायचं विसरतो.

विशीत असताना आण्णा कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गणपतीच्या दिवसांत आज पेठ वडगाव, उद्या हुपरी, अशी फिरती असायची. पुढं वडील अंथरुणाला खिळले, गोठा अंगावर आला आणि ऑर्केस्ट्रा सुटला. गिटार तेवढी सुटली नाही. भजनी मंडळात ती पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा पखवाजावरचे विजयसिंह म्हणाले होते, "आण्णा, दत्तमहाराजांस्नी आता प्यांट शिवूया काय?" सगळं देऊळ हसलं होतं. त्याला तीस वर्षं झाली. आता गिटार नसली तर त्याच विजयसिंहांचा ठेका जाग्यावर राहत नाही.

पण यंदा आण्णांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ उठली. चाळीस वर्षं दोन्ही वेळच्या धारा, आणि त्याच हातानं गिटारीची दांडी आवळायची, अंगठ्यानं तरी किती सोसायचं? त्यात गोठ्यातल्या दमट हवेनं गिटारीचं लाकूड फुगलं, दांडी वाकली, तारा उचलल्या गेल्या. एकेक सूर काढायला दुप्पट जोर लागू लागला. लागोपाठ तीन गुरुवार आण्णा दोन भजनं झाली की गिटार उतरवून मांडीवर आडवी ठेवत आणि खाली बघत बसत. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "धारा आणि गिटार, दोन्ही जमणार नाही. एक काहीतरी सोडा."

म्हशी सोडून घर कसं चालायचं? म्हणजे काय सोडायचं ते ठरल्यासारखंच होतं. फक्त घरात कुणी ते तोंडानं बोलत नव्हतं.

लेक क्रांती बेंगळुरूला नोकरीला. आईकडून तिला कळलं आणि तिनं फोनवरच आण्णांना दटावलं. "सोडायची कशाला? कार्बन फायबरची गिटार घ्या की. त्यात लाकूडच न्हाय, तर फुगणार काय? तारा खाली बसलेल्या असत्यात, जोर लागत न्हाय. घेऊन मी देते. फक्त दांडी तुमी सवताच्या हातानं धरून बघा. ते मला हितनं कळायचं न्हाय."

दुपारची वेळ मोकळी. मंगळवारी आण्णांनी गरम पाण्यानं आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि ते चिरागच्या वाद्यांच्या दुकानात गेले. आण्णा तारा न्यायचे ते चिरागच्या वडिलांकडून, त्यामुळं पोराला त्यांचा मान होता. त्यानं तीन काळ्याभोर गिटारी समोर मांडल्या.

"काका, आवाज तिन्हींचा सारखाच. फरक आहे तो नेकच्या, म्हणजे दांडीच्या पाठीत. ही बारीक आणि चपटी. ही गोल, भरलेली. आणि हिच्या पाठीला मधोमध उंचवटा आहे."

उंचवट्याची आण्णांनी धरली आणि लगेच ठेवली. गाठीवर नेमकं टोचत होतं. भरलेली धरली, तर मूठ नको तितकी उघडी राहतेय असं वाटलं. बारीक दांडी मात्र हातात आली आणि बोटं लोण्यावरून फिरावीत तशी फिरली. स्टुलावर बसून त्यांनी एक चाल अर्धीमुर्धी वाजवली. अंगठा गप्प होता.

"हीच!" आण्णा म्हणाले.

"सगळे हीच नेतात, काका. न्या. आठ दिवस वापरा, ओरखडा नसला तर बदलूनसुद्धा देतो."

"बदलतोय कशाला? बायको हाय व्हय ती?" आण्णा हसले. कित्येक दिवसांनी हसले.

गुरुवारी सहा म्हशींच्या धारा काढून, डेअरीत दूध घालून आण्णा देवळात पोचले. पहिलं भजन छान झालं. दुसऱ्याला अंगठा कुरकुरू लागला. तिसऱ्याच्या मध्यावर अंगठ्यात अशी कळ गेली की हातच उघडला. सूर मधेच तुटला. भजन पुढं गेलं, विजयसिंहांनी पखवाज जरा जोरात घेऊन झाकून नेलं, पण आण्णांनी मान वर केली नाही. प्रसाद न घेताच घरी आले.

पत्नी संयोगितावैनी भाकरी थापत होत्या. आण्णांनी गिटार कोपऱ्यात टेकवली आणि म्हणाले, "उद्या परत देऊन येतो. क्रांतीला सांग, नवी न्हाय आणि जुनी न्हाय. झालं आता."

"अवो, दुकानात तर लोण्यासारखी लागलीती म्हणं?"

"लागलीती. हितं धोंडा लागली."

वैनींनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि विचारलं, "दुकानात कुठला हात घेऊन गेलतासा?"

"म्हंजे? मला काय चार हात हायत?"

"दोन हायत की, सकाळचा आणि संध्याकाळचा. माझंच बघा. मागं चिमणाबाई कासारीन सकाळी सकाळी दारात आली, तर मी बसल्या बसल्या अंगाबरोबर बांगड्या भरून घेतल्या. सकाळी झ्याक. संध्याकाळी दोन घागरी पाणी आन् पंधरा भाकरी झाल्यावर मनगट आवळलं, निघंनात. तवापासनं मी बाईला सांगितलंय, दिवस कलल्यावर ये, कामाचा हात बघून माप घे." त्यांनी भाकरी उलटली. "तुमी दुपारचा, गरम पाण्यात शेकलेला हात घेऊन गेलासा. देवाम्होरं वाजवायचं कुठल्या हातानं?"

आण्णांनी आपला हात उघडून-मिटून बघितला. धारा काढून बोटं सुजलेली होती. मूठ नीट मिटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धारा संपल्या तसे ते तडक दुकानात गेले, इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय. हात धुतले होते, तरी दुधाचा वास दुकानभर पसरला.

"काका, एवढ्यात परत?" चिरागनं गिटारीवर कुठं ओरखडा आहे का ते आधी बघितलं.

"गिटारीचा दोष न्हाय, शेठ. मी हात चुकीचा आणलाता. आणि हे स्टूल घे बाजूला, देवळात मी मांडी घालून बसतोय."

आण्णा फरशीवरच बसले. बारीक दांडी धरली. दहा मिनिटांत अंगठा ठणकू लागला. मग त्यांनी गोल, भरलेली मागून घेतली. मूठ आता आपोआपच तिच्यावर बसली, कारण सुजलेला हात मिटायला तेवढाच तयार होता. आण्णा अर्धा तास वाजवत राहिले. गिऱ्हाइकं आली, गेली, दोघं तिथंच थांबून ऐकू लागली.

"पण बारीक नेकला जोर कमी लागतो ना, काका? सगळे तसंच म्हणतात," चिराग म्हणाला.

"तू म्हस पिळलीयास कधी?"

"नाही."

"मग तुला कसं कळणार? आमची मोना म्हणून म्हस हाय, तिचं सड बारीक. मूठ भरतच न्हाय. मग सगळा जोर अंगठ्यावर येतोय, धार थोडी आन् दुखणं फार. दुसरी म्हस भरदार सडाची, तिची धार सगळ्या मुठीनं निघती, अंगठा नुसता संगं असतोय. चाळीस वर्षं मला हे ठावं हाय, शेठ. आणि दुकानात आलो की इस्त्रीच्या सदऱ्यात ते सगळं इसरलो."

चिराग हसला आणि भरलेल्या दांडीची गिटार खोळीत घालू लागला.

दुखणं काही पळून गेलं नाही. तसं सांगितलं तर ते खोटं होईल. पुढच्या गुरुवारी चौथ्या भजनाला अंगठ्यानं आपण आहोत हे कळवलं. आण्णांनी बोटं जरा सैल केली, दांडी तळहातावर टेकली आणि ती तिथंच राहिली. पाचवं झालं, सहावं झालं. आरतीच्या आधी मंडळात नेहमी सातच भजनं होतात. सातवं संपलं, निरांजनं लावायला पुजारी उठले, तेव्हा विजयसिंहांनी पखवाजावर हात ठेवून आण्णांकडं बघितलं. विचारावं की नको, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"काय बघतासा?" आण्णा म्हणाले. "महाराजांस्नी घाई हाय काय? अजून एक घ्या की."

आणि कुणी चाल सुचवायच्या आधीच त्यांनी तार छेडली.