पावडर जाते कुठं?

कालवड गोठ्याची भिंत चाटत होती. पुढ्यात उसाचं वाढं पडलेलं, पण तिला चुन्याचे पोपडे जास्त आवडत होते. न्हावरे गावचे आबा कमरेवर हात ठेवून शेजारी उभे होते.

"बघा मॅडम, ही तुमची पावडर! दिवाळीपासनं चारतोय. शुक्रवारी टेम्पो सांगितलाय. हिला बाजार दाखवतो."

मी जनावरांची डॉक्टर. घर दौंडला, काम दौंड-शिरूरच्या गोठ्यांत. वाढत्या वासराला हाडं भरायला कॅल्शियम, फॉस्फरस आणि इतर क्षार लागतात. नुसत्या वाढ्यातून ते पुरत नाहीत. कमी पडले की जनावर माती, दोरी, भिंत, मिळेल ते चाटतं. त्यासाठी मिनरल मिक्श्चर. दिसायला राखाडी पावडर, रोज चमच्यानं मोजून द्यायची.

"आबा, मी न्हाई जाऊ द्यायची हिला," आबांची सून सुनीता आतून आली. "हिची आई मेली तवापासनं बाटलीनं पाजलीय मी."

"बाटलीनं पाजली म्हंजी काय दूध देणार हाय का ती? अंगच धरंना! खोडच तसलं, वाणच हलका."

मी टेप काढला. छातीच्या घेरावरून वजनाचा अंदाज येतो. मागच्या भेटीच्या आकड्यापेक्षा फरक जवळपास नव्हता. केस राठ, कमरेची हाडं वर आलेली. जंताचं औषध वेळेवर झालं होतं. मग पावडरीचा डबा मागितला. जेवढी संपायला हवी, तेवढीच संपली होती. म्हणजे सुनीता रोज देत होती, तेही मापात.

हिशेब जुळत होता आणि कालवड वाळत होती. हे मला पटेना.

"संध्याकाळी देता तसं आत्ता देऊन दाखवा," मी सुनीताला म्हटलं.

तिनं गव्हाणीत वाळल्या वाढ्याची कापलेली कुट्टी टाकली. वरून चमचाभर पावडर भुरभुरली. कालवडीनं फुर्रकन श्वास सोडला, नाकानं कुट्टी उलटीपालटी केली आणि लांब काड्या निवडून खायला लागली. पावडर खाली गाळली गेली. बघायला मी गव्हाणीच्या तळाशी हात घातला.

"आवो, हात कशाला घालताय? माती हाय ती," आबा म्हणाले. "रोज सकाळी मी झाडून काढतो. माझ्या गव्हाणीत तुम्हाला कण दिसायचा न्हाई!"

"कुठं टाकता?"

"उकिरड्यात. आन् कुठं?"

मी तळातली मूठभर 'माती' काढून त्यांच्यापुढं धरली. दुसऱ्या हातात डब्यातली चिमूट. दोन्हीकडं तीच राखाडी पावडर. आबांनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं.

सुनीतानं पदर तोंडाला लावला. "म्हंजी आबा, मी टाकायची आन् तुम्ही झाडायची! उकिरडा चांगला बाळसं धरून असंल."

"तू सांगायचं न्हाई व्हय, पावडर खाली बसती म्हणून?"

"तुम्ही झाडता तवा मी धारा काढत असती. मला काय ठावं?"

उपाय साधा होता. मूठभर धान्याचा भरडा पाण्यानं ओलसर करायचा, त्यात पावडर कालवायची आणि ते घमेल्यात वेगळं ठेवायचं. ओली पावडर भरड्याला चिकटते, निवडून बाजूला काढता येत नाही. वाढं कमी करून जोडीला दुसरी वैरणही सांगितली. पहिल्या घमेल्यावर थोडा गूळ कुस्करला. कालवडीनं घमेलं चाटून गोठाभर ढकललं.

"टेम्पोचं काय, आबा?" मी विचारलं.

"कांदं हायेत की न्यायला," आबा भिंतीकडं बघत म्हणाले. "पण मॅडम, गुढीपाडव्यापर्यंत बघीन. मग न्हाई ऐकायचो."

पाडव्याच्या आधीच टेपचा आकडा सरकला होता. केसाला चकाकी आली, भिंतीचा चुना शाबूत राहिला. पुढं ती वेळेवर माजावर आली. आज ती गाभण आहे आणि आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमच्या घरचं खोड' म्हणून दाखवतात. सुनीता ते ऐकत पुढचं घमेलं कालवते.

मी मात्र तेव्हापासून रिकामा होत जाणारा डबा पुरावा म्हणून धरत नाही. आधी गव्हाणीचा तळ बघते.