सातव्या वळणाखालची मोरी

मुकादमाचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळे त्याला पाठीमागे ठोक्या म्हणत आणि तोंडावर ठोकेकाका. रस्ते खात्यात एकतीस वर्षं काढलेला हा माणूस कुठेही उभा राहिला की हातातली पहार जमिनीवर आपटायचा आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचा. भरीव रस्ता टण् वाजतो, पोकळ रस्ता धप् वाजतो, एवढंच त्याचं शास्त्र. बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "नव्या घरात आलो तेव्हा ह्यांनी आधी फरशी ठोकून बघितली, मग माझ्याकडे बघितलं."

त्याच्याकडे डोंगर चढून जाणारा चौदा किलोमीटरचा रस्ता होता. बावीस वळणं, हाताखाली सहा माणसं. चर काढायचे, कडेचं गवत कापायचं, दरडीतून सुटलेले दगड बाजूला करायचे, खड्डे बुजवायचे. रस्ता नीट असला की कुणी त्याचं नाव घेत नसे, आणि खड्डा पडला की सगळे घेत. याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

निवृत्तीला सहा महिने उरलेले असताना बातमी आली की डांबरी रस्त्यांवरची एक आंतरराष्ट्रीय मोटार रॅली या बाजूला येणार आणि तिचा एक टप्पा याच रस्त्यावर होणार. वाहतूक दिवसभर बंद ठेवायची, गाड्या दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेक करून सोडायच्या, आणि सगळ्यांत कमी वेळात वर पोचेल तो पुढे. साठेक गाड्या येणार होत्या. प्रत्येक गाडीत दोघं असतात, एक चालवतो आणि दुसरा वहीत बघून पुढचं वळण कसं आहे ते ओरडून सांगतो, हे मुकादमाला जावयाने सांगितलं.

"म्हणजे चालवणाऱ्याला रस्ता दिसत नाही?" मुकादमाने विचारलं.

"दिसतो हो मामा. पण दिसेपर्यंत वळण मागे पडलेलं असतं."

जावयाला हे ठाऊक असायला कारण होतं. रॅलीसाठी रस्त्यावर नवं डांबर घालायचं काम ज्या कंत्राटदाराला मिळालं, त्याच्याकडे तो सुपरवायझर होता. महिनाभर डांबराच्या गाड्या वर गेल्या, रोलर फिरला आणि रस्ता असा गुळगुळीत झाला की मुकादमाच्या माणसांना त्यावर फावडं टेकवायला संकोच वाटू लागला. जावई खुशीत होता. कंत्राटदाराने चारचौघांत त्याची पाठ थोपटली होती.

काम संपल्यावर आठवड्याने मुकादम खालून वर चालत निघाला. सातव्या वळणावर त्याने सवयीने पहार आपटली. धप्. चार पावलं पुढे जाऊन पुन्हा आपटली. टण्. मागे आला. पुन्हा धप्.

रविवारी लेकीकडे जेवायला बसल्यावर त्याने विषय काढला. "जावईबापू, सात नंबरला खाली काहीतरी पोकळ आहे."

जावई म्हणाला, "मामा, दहा टनांचा रोलर गेलाय त्यावरून."

"गेला असेल. सावकाश गेला असेल."

"बाबा, तुम्हाला आमच्या बाथरूमची भिंतसुद्धा पोकळ वाटली होती," लेक म्हणाली.

"ती आहेच पोकळ."

बायकोने डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. तो जेवण होईपर्यंत गप्प राहिला आणि सोमवारी सकाळी इंजिनिअरबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. बाई तरुण होत्या, कामाला चोख होत्या, आणि रॅलीच्या तयारीत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तरी त्यांनी ऐकून घेतलं. नकाशा उघडला. सातव्या वळणाखाली नकाशात काहीच नव्हतं.

"मुकादम, नवा रस्ता फोडायचा म्हणजे मला उत्तर द्यावं लागेल."

"एक फूट बाय एक फूट, मॅडम. जास्त नाही."

खणताना बाई, जावई, कंत्राटदार आणि टोळीतली सहाही माणसं हजर होती. मुकादमाने जागा दाखवली, दरीकडची, जिथे आवाज सगळ्यांत मोठा येत होता. डांबर फोडलं, खाली खडी लागली. खडीखाली मुरूम, मुरुमाखाली दगड, पक्का आणि जागचा न हलणारा. तीन फुटांवर बाईंनी हात वर केला. "पुरे."

कंत्राटदार मुकादमाला एक अक्षर बोलला नाही. जावयाला मात्र म्हणाला, "तुझे सासरे तुझ्या कामावर भरवसा ठेवत नाहीत, मग मी कसा ठेवू?" तेही सगळ्यांसमोर. खड्डा बुजवला गेला. नव्या रस्त्यावर हातरुमालाएवढं ठिगळ उरलं.

त्यानंतर दोन आठवडे दोन्ही घरांमधलं येणंजाणं थांबलं. बायको एकटीच लेकीकडे जाऊन यायची आणि आल्यावर भांडी जरा जास्तच आवाज करून लावायची. मुकादमाने सातव्या वळणावर थांबणं सोडलं. आपला कान गेला, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. वयाप्रमाणे डोळे जातात, गुडघे जातात, तसा कान गेला.

मग एका सकाळी घरातल्या मोरीत पाणी तुंबलं. वाकून काठी घालत तो कुरकुरला, "हे पाणी जातं तरी कुठे?"

"जाईल कुठे?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "उंदीर येतात म्हणून मागचं तोंड तुम्हीच बुजवलंत ना? मग ते वाट शोधतंय भिंतीतून."

मुकादमाला एकदम सातवं वळण आठवलं.

एकोणीस वर्षांपूर्वी सातव्या वळणाखाली एक मोरी होती. जुनी, दगडी, गुडघ्याएवढ्या उंचीची. डोंगरावरून येणारं पाणी तिच्यातून दरीत जायचं. मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून हुकूम आला, मोरी साफ करा आणि साइडपट्टी रुंद करा. हाताशी एकच दिवस होता, आणि गाळ निघता निघेना. मुकादम तेव्हा नुकताच मुकादम झालेला. त्याने डोंगराकडचं तोंड दगडमातीने भरून टाकलं, वर साइडपट्टी सपाट केली आणि अहवालात लिहिलं, ‘मोरी साफ केली.’ साहेब आले, पाहून गेले. पुढे नवे नकाशे झाले तेव्हा मोरी कुणाला दिसलीच नाही, म्हणून ती नकाशात आली नाही. त्याच्या स्वतःच्या डोक्यातूनही ती गेली. मुद्दाम विसरला असं नाही. तिच्यानंतर कामंच इतकी येत गेली की ती त्यांच्याखाली गाडली गेली.

पण पाणी यायचं थांबलं नव्हतं. दरीकडची बाजू दगडाची होती, ती टिकली. आवाज तिथून येत होता, कारण जुन्या मोरीवरची लांब दगडी फरशी तिथवर पोचलेली होती आणि एका टोकाखालची पोकळी दुसऱ्या टोकाला वाजत होती. जमीन धुऊन गेली असणार ती डोंगराकडची.

तो दिवस त्याने कुणाला काही सांगितलं नाही. कामावर गेला, गवत कापून घेतलं, घरी आला. गप्प राहिलं तर काय होईल याचा विचार त्याने केला. कदाचित काहीच होणार नाही. आणि रस्ता बसलाच, तर चौकशी डांबर घालणाऱ्याची होईल. म्हणजे जावयाची. हे लक्षात आल्यावर मात्र त्याने चपला घातल्या.

दार लेकीने उघडलं. जावई रीत म्हणून ‘या’ म्हणाला, ‘बसा’ म्हणाला नाही. मुकादमाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

जावई बोटं मोजू लागला. "म्हणजे मामा, तुम्ही बुजवलीत, तुम्ही विसरलात, आणि बोलणी मी खाल्ली."

"हो."

"आणि आता हे कशाला सांगताय? चार महिन्यांनी सुटणार आहात तुम्ही."

"तुम्ही अजून पंचवीस वर्षं अडकलेले आहात म्हणून."

लेकीने खुर्ची पुढे सरकवली. तेव्हा तो बसला.

दुसऱ्या दिवशी सासरे-जावई एकाच मोटारसायकलवरून बाईंकडे गेले. बाईंनी ऐकून घेतलं आणि कोरा कागद पुढे केला. "लिहून द्याल?" मुकादमाने लिहून दिलं. अक्षर गिचमिड होतं, म्हणून बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर?" तो म्हणाला, "एक राहिलं. अहवालात खोटं लिहिलं होतं, तेही घाला."

या वेळी डोंगराकडून खणलं. कुदळीचा चौथा घाव पडला आणि कुदळ दांड्यापर्यंत आत गेली. धरणाऱ्याचा तोलच गेला. डांबराखाली वीतभर खडी, तिच्याखाली एक तडकलेली फरशी, आणि फरशीखाली काही नाही. टोळीतला एक जण दोर बांधून आत उतरला, तर त्याचं फक्त डोकं वर राहिलं. आत पाण्याचा बारीक आवाज येत होता.

बाई कठड्यावर जाऊन बसल्या. जावयाने वाकून आत पाहिलं, मग वर रस्त्याकडे पाहिलं. वळणाच्या आतल्या बाजूला, जिथून प्रत्येक गाडी कट मारून जाणार, नेमकी तीच जागा होती. कंत्राटदाराने स्वतः फोन करून माणसं मागवली. रॅलीला साडेतीन आठवडे उरले होते.

दुरुस्तीला बारा दिवस लागले. पोकळी भरली, मोठ्या नळ्यांची नवी मोरी टाकली, काँक्रीट मुरू दिलं, वर डांबर घातलं. स्पर्धेचे सुरक्षा अधिकारी पाहायला आले आणि त्यांनी विचारलं, हे सापडलं कुणाला? "आमच्या मुकादमांना," बाई म्हणाल्या. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. खात्याला मात्र सांगावं लागलं. मुकादमाला लेखी ताकीद मिळाली आणि उरलेल्या नोकरीसाठी त्याची बदली गोदामावर झाली. फावडी, घमेली, रंगाचे डबे यांच्यामध्ये एक खुर्ची आणि एक पंखा. एकतीस वर्षं उन्हात काढल्यावर सावलीची शिक्षा मिळाली, असं टोळीतली माणसं म्हणाली. तो हसला. पहिले काही दिवस त्याला पंख्याने सर्दी झाली.

बायकोने त्याच्यावर राग धरला तो ताकिदीचा नव्हे. "एकोणीस वर्षांत मलासुद्धा सांगितलं नाहीत?" ती म्हणाली. त्यालाच आठवत नव्हतं, हे तिला पटायला वेळ लागला. जावयाला मात्र लवकर पटलं. रस्त्याच्या कामातली माणसं काय काय गाडून विसरतात, हे तो शिकत होता.

रॅलीच्या तीन दिवस आधी स्पर्धक रस्ता बघायला आले. तेव्हा जोरात चालवायला बंदी असते. साध्या गाड्यांतून साध्या वेगाने जायचं आणि वही भरायची. जावयाने मुकादमाला वर नेलं. दोघं सातव्या वळणाच्या पलीकडे कठड्याला टेकून उभे राहिले. गाड्या येत होत्या, जात होत्या. एक गाडी मात्र कडेला थांबली. वहीवाली बाई उतरली, नव्या डांबराच्या काळ्याभोर पट्ट्यावरून बूट घासून पाहिला, काहीतरी लिहिलं आणि परत बसली. गाडी वर निघून गेली.

"काय लिहिलं असेल?" मुकादमाने विचारलं.

"‘रस्त्याचा रंग बदलतो’, असं काहीतरी. इथे टायर वेगळा धरेल म्हणून."

"एवढंच?"

"त्यांना एवढंच लागतं, मामा."

मागून आणखी एक गाडी आली. ती थांबली नाही. जावयाने घड्याळ पाहिलं, त्याला तीनला साइटवर पोचायचं होतं. दोघं मोटारसायकलकडे चालू लागले.