पाटीवरचा आज

मुखरू ब्रह्मपुरीकडचा धानाचा शेतकरी. गाव जंगलाला इतकं चिकटून की कोंबडा आरवला तर आधी वाघाला ऐकू जावा. म्हणून गावाने वाघाचे माग पाहायचं काम त्याच्या गळ्यात घातलं, सोबत एक शिट्टी दिली. वाट जंगलात शिरते तिथे कुण्या शहाण्याने पाटी ठोकली होती : 'आज या भागात वाघ आहे. आत जाऊ नये.' तीही ऑइलपेंटने! पावसाळे आले नि गेले, तो 'आज' काही पुसला गेला नाही. मग त्याला भीक कोण घालणार?

मुखरूने त्यावर तोड काढली. ताजे पंजे दिसले की तो पाटीला पळसाची हिरवी डहाळी बांधायचा. डहाळी टवटवीत असली तर वाघ आजचा, पानं मलूल झाली तर कालचा, वाळली तर खुशाल जा. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बायांनाही हे वाचता येई. दोन वर्षं गावाचं बरं चाललं.

मोहफुलाच्या दिवसांत मात्र पळसाला नुसती फुलं असतात, पान औषधालाही सापडत नाही. आधीच्या दोन वर्षांत त्या दिवसांत वाघ फिरकला नव्हता. यंदा संध्याकाळी नाल्यात पंजे दिसले तेव्हा मुखरूने हाताशी आलेली उंबराची डहाळी बांधली, नि शिट्टी फुंकत साऱ्या गावात सांगून आला. पळसाला शेळ्या तोंड लावत नाहीत. उंबरावर मात्र तुटून पडतात. चरून परतणाऱ्या कळपाने ती डहाळी तेव्हाच फस्त केली.

शेजारची केसरबाई लेकीकडे नागभीडला गेलेली. शेवटच्या जीपने परतली, कुणाशी न बोलता निजली आणि फटफटताना टोपली घेऊन मोह वेचायला गेली. पाटी तिने पाहिली असेलच. पाटीला नुसती सुतळी लोंबत होती.

लोकांनी तिला दुपारी आणलं. मुखरूला कुणी बोल लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. अन्नावरची वासना उडाली.

तेव्हापासून तो रोज डहाळी बांधतो. पंजे दिसोत न दिसोत, रोज ताजी, शेळ्या न खाणारी. पहिले काही दिवस बाया थबकल्या. पण मोहफूल कुणासाठी थांबत नाही. झाडाखाली पडून कुजतं. मग एकेक करून त्या डहाळीखालून जाऊ लागल्या.

आज सकाळी नाल्यात खरंच पंजे होते, ओले, काठाची माती अजून ढासळत होती. मुखरू धावत वाटेवर आला तर समोर त्याची बायको रंभा, डोक्यावर टोपली.

"जाऊ नोको वं, आज हाये तो!"

रंभाने डहाळीकडे पाहिलं. कालच्यासारखीच हिरवीगार.

"तुमचा आज रोजच रायते," ती म्हणाली, रागाने नाही, समजूत घालावी तशी. "केसरबाई गेली तवापासून तुमच्या मनात भेव बसलं."

"अवं खरंच हाये, माह्यी शपथ!"

"शपथ तर कालबी घेतली होती ना," असं म्हणून ती चालू लागली.

मुखरूने शिट्टी फुंकली. तीही तो रोजच फुंकायचा. शेवटी हातातली काठी सावरत तो रंभाच्या मागोमाग मोहाच्या झाडांकडे निघाला.