जोडीचा दाखला

“तुही बायको हुशार हाये रे, पण काउंटरवर नको बसवू. लोकायले वाटन, मुकी हाये!”

हे माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, माझ्या नवऱ्याला सांगत होते. मी झेरॉक्स मशीनमागे कागद भरत होते, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

बाभुळगावातलं आमचं सेवा केंद्र म्हणजे एक शटर, दोन कॉम्प्युटर आणि बांधकाम मजुरांची सरकारी नोंदणी. लग्न होऊन उमरखेडहून आले ती थेट टायपिंगला बसले. भासऱ्यांशी बोलायचं नाही, ही घरची रीत. न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साचतात. खर्चच होत नाहीत ना!

*

शेवंताताई नवऱ्यासोबत आल्या. गजाननभाऊ मिस्त्री. ताईंना सातवा महिना. नोंदणी असली तर बाळंतपणाला सरकारी मदत मिळते, पण नोंदणी आधी व्हायला हवी.

“काम काय करता?” माझ्या नवऱ्यानं विचारलं.

“मी कायचं काम करते! याइच्या संग जाते.”

“संग जाऊन काय करता?”

“रेती चाळते, माल कालवते, विटा देते, स्लॅबवर घमेले चढवते.”

“अन् गजाननभाऊ?”

“खरं काम तं तेच करते!”

*

साइटवर आमचं नोंदणी शिबिर होतं. तपासणीचे साहेब आले, हेल्मेटची सक्ती समजावून सांगितली. शेवंताताईंनी हेल्मेट घातलं, त्यावर चुंबळ ठेवली. घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली.

“साहेब, नियम मले मंजूर हाये. पण डोकं एकच हाये. टोपी ठेवू का घमेलं?”

साहेबांनी आपलं हेल्मेट काढलं आणि डोकं खाजवलं.

*

इमारतीवर माल वाहणाऱ्या बाईला आमच्याकडे ‘रेजा’ म्हणतात. नवऱ्यानं घाईघाईत ‘कामाचा प्रकार : रजा’ असं टाइप केलं. अर्ज परत! वर शेरा : ‘अर्जदार रजेवर असल्याने काम केल्याचा दाखला जोडावा.’

नवऱ्यानं तो वाचून दाखवला. आम्ही सगळे हसलो. शेवंताताई हसल्या नाहीत.

“रजा?” त्यांनी विचारलं. “आमाले बी भेटते काय?”

*

मात्रा दुरुस्त झाली, पण ठेकेदाराच्या सहीचा दाखला लागणारच होता. ठेकेदार स्वतः आला. भासऱ्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्याची सगळी माणसं आमच्याचकडे येतात. त्यानं गजाननभाऊंच्या दाखल्यावर सही केली आणि ताईंचा बाजूला सारला.

“जोडी हाये ना ते! मजुरी जोडीची, दाखला बी जोडीचा. तिचा अलग कायले?”

“जाऊ दे ना शेवंता,” भासरे म्हणाले. “घरात एक कार्ड आलं म्हणजे झालं.”

“मालक, दिवस भरत आले माहे,” ताई एवढंच बोलल्या. गजाननभाऊ आपल्या चपलांकडे पाहत राहिले.

ठेकेदार उठायला लागला. “बस ना, चहा घेऊन जाय,” म्हणत भासऱ्यांनी माझ्याकडे न पाहता हातानं खूण केली.

मी उठले नाही. ताईंचा अर्ज माझ्यासमोर स्क्रीनवर उघडा होता.

“दादा,” मी भासऱ्यांकडे पाहून म्हणाले. नवरा दचकला. “बाळंत कोण होणार, त्या रकान्यात कोणाचं नाव टाकू? गजाननभाऊंचं?”