आप्पांनी ठोकलेली कडुनिंबाची फळी

आज सकाळी पूजा आटोपून गोदामात गेलो. परदेशी जाणारी मिरचीची पोती पाहताना पोती रचायच्या एका लाकडी पॅलेटपाशी, म्हणजे फळ्यांच्या चौकटीपाशी, थांबलो. तुटलेल्या फळीच्या जागी आमच्या सुतार आप्पांनी घरच्या कडुनिंबाची फळी ठोकली होती. वर हळदीकुंकवाची बोटंही ओढली होती.

मंडळी, लाकडातून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून निर्यातीच्या पॅलेटचं सगळं लाकूड भट्टीत तापवलेलं लागतं आणि त्यावर तसा शिक्का लागतो. एक कच्ची फळी बसली की जुना शिक्काही चालत नाही. तिकडच्या बंदरावर पकडलं तर माल परत येतो, नाहीतर नष्ट करतात.

पण सत्तरीच्या आप्पांना हे सांगायचं कसं? दोनदा त्यांच्याजवळ गेलो आणि दोनदा चहाचं विचारून परतलो. कंटेनर चारला निघणार होता. शेवटी बोललो, तर आप्पा म्हणाले,

“अरे भो, निंबले कधी कीडा लागस का?”

“आप्पा, तुमले माहीत शे, मले माहीत शे. तिकडना साहेबले कोन सांगी?”

“धाड त्याले इकडे, निंबना पाला खावाडसू!”

दोघंही हसलो. मग त्यांनी फळीवरून हात फिरवला. “तूच काढ. मन्हा हात चालाव नही.”

आपल्या माणसाने मायेनं केलेलं काम नियमापायी मोडताना तुम्ही काय बोलता?

मी फळीला नमस्कार केला, खिळे उपसले आणि ती आप्पांच्या हाती दिली. पोती शिक्क्याच्या दुसऱ्या पॅलेटवर चढवली.